ज्युनिअरची चूक

सर,

तुम्ही गेल्याचं मला आईने फोनवर सांगितलं. तेव्हा मला जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते आणि मी रोज सकाळी भाषेच्या वर्गात बसून बँकेत खातं कसं उघडायचं, डॉक्टरची वेळ कशी घ्यायची असले संवाद पाठ करत होते. आई म्हणाली, बार रूममध्ये मोठी शोकसभा झाली, जिल्हा न्यायाधीश स्वतः आले आणि त्या दिवशीचं कोर्टाचं कामकाज बंद ठेवलं. माझ्या मनात पहिल्यांदा आली ती त्या दिवशी बोर्डावर ज्यांचे दावे होते ती माणसं. कोणी जतहून, कोणी कवठे महांकाळहून पहाटेच्या एसटीने सांगलीला आलं असेल, व्हरांड्यात बसून डबा खाल्ला असेल, आणि त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितलं असेल की आज काही होणार नाही, पुढच्या महिन्यात या. हयातभर तुम्ही लोकांना जे दिलंत तेच जाताजाताही देऊन गेलात. आई म्हणाली, "मोठा माणूस गेला गं." मी हो म्हटलं. परदेशातून केलेल्या फोनवर वाद घालणं तेव्हा परवडत नसे.

तुम्हाला मी आठवत असेन असं मला वाटत नाही. तुमच्या हाताखालून इतके ज्युनिअर गेले, आणि त्यातल्या बायका तर तुम्ही मोजल्याच नसतील. मी नवी सनद घेऊन तुमच्याकडे आले ती वडिलांच्या ओळखीने. तुमचं ऑफिस म्हणजे बंगल्याचा पुढचा व्हरांडा, काचा लावून बंद केलेला. भिंतीलगत पक्षकारांचं बाकडं, कोपऱ्यात टायपिस्ट, आत पंख्याखाली तुमचं टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघे ज्युनिअर, दोघेही पुरुष. मला जागा मिळाली ती फायलींच्या कपाटापाशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. दुपारी आतून फोडणीचा वास यायचा आणि काकू न बोलता एक कप चहा माझ्या हाताशी ठेवून जायच्या. त्या घरात माझ्याशी कोणी माणसासारखं वागलं असेल तर त्या. तुम्ही मला नावाने हाक मारत नव्हतात, घंटी वाजवायचात. टेबलावर पितळेची छोटी घंटी होती; एकदा वाजली की टायपिस्ट, दोनदा वाजली की मी.

प्रोसिजरबद्दल तुम्ही जे बोलायचात ते ऐकून मी आधी भारावून गेले होते, हे मान्य केलंच पाहिजे. डावीकडे समास किती सोडायचा, टॅग कुठून ओवायचा, सत्यापनात ठिकाण आणि तारीख कुठे लिहायची, नकला किती जोडायच्या, हे सगळं तुम्ही एखाद्या पूजेसारखं सांगायचात. कोर्ट माणसाचं रडणं ऐकत नाही, कागद ऐकतं, असं तुम्ही म्हणायचात आणि मी ते खरं मानायचे. एकदा मी केलेल्या एका कैफियतीत सत्यापनाखाली ठिकाणाचं नाव राहिलं. तुम्ही ती फाईल उचललीत आणि व्हरांड्यात, पक्षकारांच्या पायांशी फेकलीत. मी अजून तिथेच उभी आहे असं कधीकधी वाटतं. बाकड्यावर चार-पाच जण बसले आहेत, टायपिस्टचा हात थांबला आहे, आणि तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघताय. "बाई, वकिली करायला आलात की हळदीकुंकवाला?" बाकड्यावरची माणसं हसली. त्यांचे दावे तुमच्याकडे होते, त्यांना हसावंच लागलं. मी वाकून कागद गोळा केले.

मग हळूहळू कळलं की ही पूजा फक्त आमच्यासाठी होती. तुमचा स्वतःचा व्यवसाय चालायचा तो मुदतीच्या अर्जांवर. साक्षीदार आजारी, नकला मिळाल्या नाहीत, वकीलसाहेब परगावी. समोरची बाजू बरोबर असली की तुमचं एकच काम असायचं, ती बाजू म्हातारी होईपर्यंत थांबायचं. मुदत मागायला तुम्ही मला उभं करायचात, कारण एका मुलीवर न्यायाधीश ओरडणार नाहीत असा तुमचा हिशेब. एकदा तुमच्या पोटात दुखतं म्हणून मी मुदत मागत होते आणि समोरच्या खिडकीतून तुम्ही बार रूममध्ये कांदाभजी खाताना दिसत होतात. मला दिसत होतात तसेच न्यायाधीशांनाही दिसत होतात. त्यांनी मुदत दिली. त्या दिवशी मला तुमचा राग आला नव्हता. मला तुम्ही फार लहान दिसलात, आणि लहान दिसलेला माणूस पुन्हा मोठा होत नाही.

त्या टेलरची गोष्ट मात्र तुम्हाला आठवली पाहिजे. बाजारपेठेत त्याचं छोटं दुकान होतं, वडिलांपासूनचं, भाड्याचं. घरमालकाने दावा लावला आणि खालच्या कोर्टात टेलर हरला. तो निकालाची नक्कल घेऊन आला तेव्हा मीच ती घेतली, अपिलाची शेवटची तारीख डायरीत लाल शाईने लिहिली आणि फाईल तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही बारच्या मंडळींबरोबर महाबळेश्वरला निघालात, त्याच्या आदल्या दिवशी मी आठवण केली. तुम्ही म्हणालात, "माहितीये मला, बाई." परत आलात तेव्हा तारीख उलटून गेली होती. तुम्हाला ते माझ्याआधी कळलं होतं, कारण त्या दिवशी तुम्ही घंटी न वाजवता मला नावाने हाक मारलीत. मी आत आले तर टायपिस्टला तुम्ही मजकूर सांगत होतात, विलंब माफीच्या अर्जासोबतचं माझं प्रतिज्ञापत्र. सदर अपिलाची मुदत ही वकिलांच्या कार्यालयातील ज्युनिअर यांनी नजरचुकीने चुकीची नोंदविल्याने, वगैरे वगैरे. मी म्हटलं, सर, डायरीत तारीख बरोबर आहे. तुम्ही अगदी शांतपणे बोललात, मला समजावल्यासारखं. "बाई, यात तुमचं काय जातं? तुमचं अजून नावच झालेलं नाही, ते खराब कसं होईल?"

मी सही केली. टेलरचं दुकान वाचायला पाहिजे होतं आणि मी तेविशीत होते. अर्ज मंजूर झाला. न्यायाधीश वरून म्हणाले, मॅडम, पुढच्या वेळी कॅलेंडर बघत जा, आणि सगळं कोर्ट हसलं, त्यात तुम्हीही होतात. मग ते अपील तुम्ही तुमच्या पद्धतीने वर्षानुवर्षं चालवलंत आणि टेलर दुकानात राहिला. खोट्याने त्याचं भलं झालं, यात शंका नाही. पण त्याने मात्र माझ्याकडे बघणं सोडलं. आईला बाजारात गाठून म्हणाला, तुमच्या मुलीच्या धांदरटपणामुळे माझं दुकान जात होतं, साहेबांनी वाचवलं. आई घरी येऊन मला बोलली. मी तिला खरं सांगितलं, तर ती म्हणाली, एवढा मोठा माणूस असं कशाला करेल?

माझ्या लग्नाला तुम्ही आलात, पहिल्या रांगेत बसलात, आणि भेट म्हणून एक नवी पितळेची घंटी दिलीत. म्हणालात, "आता तुम्हीही कोणाला तरी बोलवाल." सगळे म्हणाले, किती विनोदी आहेत वकीलसाहेब. ती घंटी मी इकडे का आणली, ते मलाही माहीत नाही, सामानात आली. मुलगी रांगायला लागली तेव्हा तिने ती तासन् तास वाजवली, आणि शेवटी नवऱ्याने एक दिवस ती गुपचूप पिवळ्या पिशवीत टाकून कचऱ्याबरोबर दिली. मला हायसं वाटलं.

इथे माझ्या सनदेला किंमत नव्हती. नवरा उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात कामाला, मी घरी. भाषा आली तशी मी वकिलांच्या ऑफिसात कारकून होण्याचं शिक्षण घेतलं, कोवळ्या मुलामुलींबरोबर, तिशी उलटल्यावर. मग एका वकिलाच्या कान्त्सलायमध्ये, म्हणजे ऑफिसात, लागले. तिथे सगळे त्याला हेर डॉक्टर म्हणायचे, हेर म्हणजे इथलं श्रीयुत. उंच, हसरा, सायकलवरून यायचा, वाढदिवसाला सगळ्यांसाठी केक आणायचा. तुमच्यासारखा फाईल फेकणारा मुळीच नाही. तो मला ऑफिसातला चांगला आत्मा म्हणायचा, जर्मनमध्ये ते कौतुक असतं. माझं काम मुदती सांभाळण्याचं. इथे मुदतीला फ्रिस्ट म्हणतात, आणि ती उलटली की उलटली. प्रत्येक फ्रिस्ट दोनदा लिहायची, एकदा शेवटच्या दिवशी आणि एकदा त्याच्या आठवडाभर आधी, आधीच्या दिवशी फाईल वकिलाच्या टेबलावर ठेवायची, आणि कागद कोर्टात पोचल्याशिवाय ती ओळ खोडायची नाही. मला हे काम आवडायचं. नवरा हसायचा, म्हणायचा, तू घड्याळाशी लग्न केलंयस.

वरच्या कोर्टात, म्हणजे लांडगेरिश्टमध्ये, एका खंडपीठाच्या मुख्य न्यायाधीश बाई होत्या. त्यांच्याकडे प्रकरण गेलं की पहिल्या पत्राबरोबर एक पान यायचं, त्यांचे नियम. पुराव्याच्या प्रत्येक कागदाला क्रमांक हवा, आणि कोणत्या वाक्याला कोणता कागद ते समासात लिहिलेलं हवं. समोरच्यांसाठी नकला वेगळ्या लावलेल्या हव्यात. फॅक्सने पाठवलेलं पुन्हा पोस्टाने पाठवू नये. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपायच्या आत आणि कारणासकट मागावी, आणि फोनवर मागू नये. हेर डॉक्टर त्या पानावर कॉफीचा मग ठेवायचा. मी माझी प्रत भिंतीला लावली होती. एकदा त्याने घाईत मी लावलेले कागद पुढेमागे केले, तर बाईंनी सगळा गठ्ठा तीन ओळींच्या पत्रासह परत पाठवला. तो दिवसभर त्यांना शाळामास्तरीण म्हणत फिरला. मी गठ्ठा पुन्हा लावला, आणि सर, तुम्हाला खोटं वाटेल, मी आनंदाने लावला. त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचे नियम दोन्ही बाजूंना सारखे लागायचे, आणि कारकून बाईवर जितके चालायचे तितकेच डॉक्टरेट मिळवलेल्या वकिलावरही. तुमच्याकडे मी नियम शिकले. ते खरोखरच पाळायचे असतात, हे मात्र इथे पाहिलं.

मग मावशी आल्या; नात्यातल्या नव्हत्या, मी त्यांना तसं म्हणायचे. युरो येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मावशी मूळच्या पुण्याच्या, फार पूर्वी नर्स म्हणून आलेल्या, इथल्याच एका सुताराशी लग्न केलेलं. त्यांना मूल नव्हतं. नवऱ्याला पहिल्या लग्नाचा मुलगा होता, तो स्टुटगार्टला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. नवरा वारला आणि गावाबाहेरचं घर मृत्युपत्राने मुलाच्या नावावर गेलं. मुलगा म्हणाला, तुम्ही इथेच राहा, फक्त टॅक्ससाठी एक कागद करू. तो कागद म्हणजे भाडेकरार होता. दोन हिवाळे गेले आणि त्याने नोटीस दिली, मला स्वतःला राहायला घर हवं आहे. खालच्या कोर्टात मावशी हरल्या. आमच्या ऑफिसात एक मराठी बाई आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्या आल्या, माझ्यासमोर बसल्या, आणि इतक्या वर्षांनी कोणाशी तरी मराठीत तक्रार करायला मिळतेय याच्या सुखात म्हणाल्या, "अगं, ज्या किचनमध्ये मी तीस वर्षं स्वयंपाक केला, तिथे मी भाडेकरू. गेनाऊ, अगदी असंच लिहिलंय त्यात." मग म्हणाल्या, बागेतली योहानिसबेरीची झुडपं मी लावलेली आहेत, ती कोणाची धरायची?

हेर डॉक्टरने अपील केलं, ते वेळेत केलं. प्रकरण त्या नियमवाल्या बाईंकडे गेलं. अपिलाची कारणं लिहून देण्यासाठी वेगळी मुदत असते. ती मी दोन्ही ठिकाणी लिहिली. आधीच्या तारखेला फाईल त्याच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, हो हो, आहे माझ्याकडे. शेवटच्या दिवशी दुपारी मी पुन्हा विचारलं आणि मुदतवाढीचा अर्ज टाइप करून समोर ठेवला, नुसती सही करायची होती. त्याने तो बाजूला सारला. आल्झो, तर मग मी घरी बसून पूर्ण करतो, घरूनच फॅक्स करतो, म्हणाला, आणि माझ्या कॅलेंडरमधली ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने खोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो केक घेऊन आला. कोणाचाही वाढदिवस नव्हता. तेव्हाच मला कळलं, सर. तुम्ही घंटी वाजवायचं विसरलात तेव्हा कळलं होतं तसं.

इथला कायदा असा आहे, की मुदत वकिलाच्या चुकीने गेली तर अपील संपलं. पण त्याच्या एरवी भरवशाच्या असलेल्या कारकुनाकडून एखाद्या वेळी चूक झाली, तर कोर्ट मुदत पुन्हा उघडून देऊ शकतं. त्यासाठी कारकुनाने शपथेवर लिहून द्यावं लागतं. हेर डॉक्टरने तो कागद तयार ठेवला होता. त्यात होतं की त्याने कारणं काल दुपारीच लिहून माझ्या हातात दिली होती, फॅक्स करायला सांगितलं होतं, आणि मी विसरले. वर माझ्याबद्दल अर्धं पान कौतुक, इतकी वर्षं एकही मुदत चुकवलेली नाही, अत्यंत काटेकोर, ऑफिसचा आधारस्तंभ. इतकं छान माझ्याबद्दल कोणी कधी लिहिलं नव्हतं, आणि ते सगळं खरं होतं. तो म्हणाला, यात तुमचं काहीच बिघडत नाही, नोकरीला धक्का नाही, उलट कोर्टाला पटायला तुमच्यासारखंच माणूस लागतं. तो इतक्या मायेने बोलत होता की मला तुमची किंचित आठवण आली. तुम्ही निदान माया दाखवण्याचे कष्ट घेतले नव्हते. मी म्हटलं, मला विचार करू द्या. अर्जाला अजून अवधी होता.

तो अवधी त्याने वापरला. त्याने मावशींना बोलावून सांगितलं, की आता सगळं तुमच्या देशभगिनीच्या हातात आहे. दुसऱ्या दुपारी मावशी माझ्या घरी आल्या, योहानिसबेरीच्या जेलीची बरणी घेऊन. मी चहा केला. मुलगी शाळेतून आली, तिने जर्मनमध्ये हॅलो म्हटलं आणि खोलीत गेली. मावशींनी बरणी टेबलावर माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "तू सही केलीस तर माझं घर राहील ना?" मी म्हटलं, मावशी, राहीलच असं नाही, अपील नुसतं ऐकलं जाईल. त्या म्हणाल्या, तेवढंच पुरे. मी त्यांना सांगितलं की त्यात लिहिलेलं घडलेलंच नाही, चूक माझी नाही, आणि शपथेवर खोटं लिहिणं इथे गुन्हा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदी क्षुल्लक बोलले होते. "खोटं असलं तरी त्यात नुकसान कोणाचं आहे, सांग मला. मी आयुष्यभर लोकांच्या जखमा पुसल्या, कधी विचारलं नाही चूक कोणाची." त्या गेल्या तेव्हा जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या, आणि मी दारात उभी राहून बघत होते.

त्या दिवसांत मी तुमच्यावर जितकी चरफडले तितकी सांगलीत कधी चरफडले नव्हते. भांडी घासताना, ट्राममध्ये, मुलीची वेणी घालताना तुम्ही समोर यायचात. काय तुमची ती ऐट, काय तो गळ्यातला कडक पांढरा बँड, काय ते कोर्टाची आब राखण्याचं भाषण. चाळीस वर्षं वकिली केलीत आणि एका टेलरला एवढं सांगायची हिंमत तुमच्यात नव्हती, की बाबा रे, मी थंड हवा खायला गेलो आणि विसरलो. हेर डॉक्टरकडे निदान विमा होता. इथे प्रत्येक वकिलाला घ्यावाच लागतो, अशाच चुकांसाठी. पण विम्याला कळवायचं म्हणजे चूक केली असं लिहून द्यायचं, आणि तेवढं टाळण्यासाठी त्याने एका म्हातारीला माझ्या जिन्यावर चढवलं. तुम्ही दोघे एकमेकांना भेटला असतात तर किती छान जमलं असतं. भाषाही लागली नसती.

सोमवारी मी त्याच्या खोलीत गेले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला, सही न करता. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, हे खरं नाही म्हणून. तो हसला, मग हसायचा थांबला. मला म्हणाला, तुम्हाला त्या बाईंचं काहीच वाटत नाही का, तुमच्याच देशाच्या आहेत. मी म्हटलं, तुम्हाला वाटत असेल तर त्यांना खरं सांगा. त्याने माझ्याकडून कॅलेंडर मागून घेतलं, आपण खोडलेली ती ओळ पाहिली, आणि ते मिटून माझ्या हातात परत दिलं.

अपील फेटाळलं गेलं. न्यायाधीश बाईंचा आदेश आला, दीड पान, क्रमांक जिथे हवेत तिथे, एक शब्द जास्त नाही. मुदतीत कारणं दाखल न झाल्याने अपील दाखल करून घेता येत नाही. मी तो आदेश फाईलला लावला. त्यात मावशी कुठेच नव्हत्या, फक्त प्रतिवादी होती. त्या बाईंचा मला जो अभिमान वाटत होता तो त्या दिवशी थोडा उतरला, पण त्यांचं तरी काय चुकलं होतं? त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. विम्याने पुढे मावशींना काहीतरी दिलं, भांडून, पुष्कळ उशिरा. घर गेलं ते गेलंच. मुलगा स्टुटगार्टहून राहायला आलाच नाही. त्याने ते घर विकलं. मावशी वृद्धांसाठीच्या इमारतीत एका खोलीत गेल्या.

मी ते ऑफिस सोडलं. हेर डॉक्टरने दिलेल्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं की मी कायम प्रयत्नशील असायचे. ऐकायला चांगलं वाटतं, पण इथे सगळ्यांना माहीत असतं, ज्याला काही जमत नाही त्याच्याबद्दल असं लिहितात. अर्ध्या पानाचं कौतुक शपथेसाठी होतं, नोकरीसाठी एवढंच. मला दुसरीकडे काम मिळालं, एका नोटरीकडे, आणि तिथे मी अजून आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मावशी एकदा भेटल्या. कोणीतरी त्यांना गाडीने आणलं होतं, खुर्चीत बसवलं होतं. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी पाय मागे घेतले. शेजारच्या बाईंना म्हणाल्या, हिला नियम फार प्रिय आहेत. सही केली तेव्हा टेलरने तोंड फिरवलं, नाही केली तेव्हा मावशींनी. दोन्ही वेळा चूक करणारा माणूस तिसराच होता आणि दोन्ही वेळा तो निवांत जेवला असणार.

हे पाठवायचं म्हटलं तर पाठवता येईल. काकू अजून त्याच बंगल्यात असतात, व्हरांड्याच्या काचा काढल्या म्हणे. पण त्या वाचतील आणि त्यांना वाईट वाटेल, आणि तुम्ही आपले सुटाल. म्हणून नाही पाठवत.

एकच गोष्ट उरते, ती मी नवऱ्यालाही बोललेले नाही. तो मुलीला अभिमानाने सांगतो, की तुझ्या आईने खोटी सही केली नाही, नोकरी गेली तरी. मुलगी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो हो, करते, पण ऐकते. मीही ऐकत बसते. पण त्या सोमवारी पेन हातात होतं तेव्हा मला खरंखोटं दिसत नव्हतं, सर. मावशींची ती जिना उतरणारी पाठही दिसत नव्हती. तुम्ही दिसत होतात, टायपिस्टच्या मागे उभे राहून मजकूर सांगणारे, आणि मला एवढंच हवं होतं की या वेळी तुम्हाला माझी सही मिळू नये. मी कधी तुमच्याकडे आलेच नसते, तर बहुधा मी ती केली असती, आणि मावशी कदाचित आज त्यांच्या किचनमध्ये असत्या.